जुना चाकू किती उजळावा?

पुण्यास मंगळवार पेठेंत दर बुधवारीं व रविवारीं जो जुना बाजार भरतो, त्यांत मोडक्या घड्याळांच्या, किल्ल्या हरवलेल्या कुलुपांच्या आणि बिनझांकणाच्या डब्यांच्या ढिगांतून हिंडण्याची मला फार दिवसांची खोड आहे. गेल्या हिंवाळ्यांत अशाच एका ढिगांतून बिजागरी समजून मीं जी वस्तु उचलली, ती बिजागरी नसून मिटलेला चाकू निघाला. लांबी चार बोटें. एका बाजूस हाडाची मूठ शाबूत, दुसऱ्या बाजूच्या फळीचा कोपरा उडालेला. आणि दोन्ही पातीं गंजानें आंत अशीं धरून बसलेलीं कीं, तीं नखानें हलावयाचीं नांव नाहीं. विक्रेत्यानें दोनशें रुपये सांगितले, मीं शंभर म्हटलें, आणि दीडशांवर उभयतांचें समाधान झालें. घरीं आल्यावर ज्याला त्याला तो चाकू दाखविला, आणि ज्यानें त्यानें मला एकच सल्ला दिला: “चांगला घांसूनपुसून अगदीं नव्यासारखा करून घ्या.” या ‘नव्यासारखा’ शब्दाविषयीं माझी कांहीं तक्रार आहे; ती विद्यार्थिमित्रांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडावी, असें मनांत आलें.

परंतु तक्रार मांडणारानें प्रथम स्वतःचा अपराध सांगावा, हें बरें. माझ्या वडिलांजवळ असाच एक चाकू होता. ते शाळेंत चित्रकला शिकवीत, आणि वर्गांतील मुलांच्या पेन्सिलींना टोंक करून देण्याचें काम आपण होऊन करीत. त्यांच्या हातून शिसें कधीं मोडल्याचें मला आठवत नाहीं. मी तेरा वर्षांचा असतांना एकदां ते परगांवीं गेले. ते परत येण्यापूर्वीं चाकू चकचकीत करून ठेवावा म्हणजे शाबासकी मिळेल, या हौसेनें मीं तो रस्त्यावरील एका धारवाल्यापुढें ठेवला. त्यानें सायकलीवरचें चाक फिरविलें, ठिणग्यांचें कारंजें उडालें, आणि दोन मिनिटांत पातें आरशासारखें झालें. टोंकाशीं मोरपिसासारखी निळी झांक उमटली होती. ती तर मला फारच शोभिवंत वाटली. वडील आले. त्यांनीं पातें उघडून उजेडांत धरलें, अंगठा धारेवरून हलकेच आडवा फिरविला, “छान केलेंस” म्हणाले, आणि चाकू खिशांत ठेवला. त्यानंतर महिनाभर मी पाहत होतों: दोन पेन्सिली झाल्या कीं धार वळे, तिसरीला चाकू चालत नसे. पुढें त्यांनीं तो पेटींत ठेवून दिला व दाढीचें पातें वापरूं लागले. मला त्यांनीं एका शब्दानेंहि दोष दिला नाहीं. दिला असता तर मी तो केव्हांच विसरून गेलों असतों.

ती निळी झांक म्हणजे काय, हें मला पुष्कळ वर्षांनीं समजलें. चाकूचें पोलाद सुमारें ८०० अंशांपर्यंत लाल तापवून एकदम तेलांत किंवा पाण्यांत बुडविलें, म्हणजे तें अत्यंत कठीण, पण कांचेसारखें ठिसूळ होतें. तो ठिसूळपणा जावा म्हणून तें पुनः सुमारें २०० अंशांवर बेतानें शेकतात; त्या वेळीं त्याच्या अंगावर वाळलेल्या गवतासारखा पिंवळा रंग चढतो, आणि तेथेंच कारागीर थांबतो. आपल्याकडे यालाच पोलादाला पाणी देणें म्हणतात. उष्णता तशीच वाढत जाऊन ३०० अंशांच्या आसपास पोंचली, कीं पिंवळ्याचा जांभळा व जांभळ्याचा निळा होतो. स्प्रिंगेला हा रंग चालतो. कापणाऱ्या धारेला तो मारक आहे. पात्याचें टोंक अतिशय पातळ असतें, आणि कोरड्या चाकावर तें निळें होण्यास डोळ्याचें पातें लवण्याइतकाच अवकाश लागतो. माझ्या वडिलांच्या चाकूचें पाणी मीं असें उतरविलें होतें. शिवाय पात्याच्या बुडाशीं कारखान्याचा जो ठसा होता, तोहि चाकानें खाल्ला. तो चाकू कोठला, कोणाच्या हातचा, हें आतां कोणालाहि सांगतां यावयाचें नाहीं.

म्हणूनच या दीडशें रुपयांच्या चाकूस हात लावण्यापूर्वीं मी आठ दिवस नुसता पाहत बसलों. घरांतील मंडळींस हा आळस वाटला. असो.

खिशांतल्या चाकूची रचना वरून साधी दिसते, पण तिच्यांत मोठी युक्ति आहे. पितळेच्या दोन पातळ पट्ट्यांमध्यें पाठीकडून पोलादाची एक कमान बसविलेली असते. पात्याचें बूड या कमानीवर दाबून फिरतें. पातें अर्धें उघडलें म्हणजे कमान उचलली जाते, आणि पुरें उघडतांच ती खट्‌कन खालीं बसून पात्यास धरून ठेवते. शेफील्डचे जुने कारागीर याला चाकूची चाल आणि चाकूचा बोल म्हणत: उघडतांना पातें सारखें सरकलें पाहिजे, आणि शेवटीं त्यानें स्पष्ट आवाज दिला पाहिजे. पट्ट्यांच्या बाहेरून हाडाच्या, शिंगाच्या किंवा लांकडाच्या फळ्या, दोन्ही टोंकांस जर्मन सिल्व्हरच्या टोप्या, आणि सर्वांतून आरपार गेलेल्या तीन-चार तारेच्या खिळ्या. जर्मन सिल्व्हरमध्यें चांदी मुळींच नसते. तांबें, जस्त व निकल यांचें तें मिश्रण आहे. या खिळ्या एकदां ठोकून सपाट केल्या म्हणजे चाकू पुनः खोलण्याची सोय राहत नाहीं. तेव्हां ‘खोलून साफ करूं’ म्हणणारा मनुष्य खरोखर ‘मोडून साफ करूं’ असेंच म्हणत असतो, हें ध्यानांत ठेवावें.

कुलपाला देतात तसें शिवणयंत्राचें तेल सांध्यावर रोज सकाळसंध्याकाळ एक एक थेंब देत गेलों. खोबरेल तेल वापरूं नये. थंडींत तें थिजतें व पुढें खवट होऊन चिकट बनतें. व्हिनेगारचा उपाय पुष्कळ लोक सांगतात, परंतु अम्ल गंज खातें तसें पोलादहि खातें, आणि सांध्याच्या आंत शिरलेलें अम्ल पुसून काढतां येत नाहीं. गरम पाण्यानें हाड तडकतें. नवव्या दिवशीं मोठें पातें केसभर हललें. मीं बांबूची पातळ कामटी फटींत सारली, ओढाओढ केली नाहीं, पुनः तेल सोडलें. चौदाव्या दिवशीं पातें उघडलें. कण्हत कण्हत उघडलें म्हटलें तरी चालेल. आंतून जो मळ निघाला, त्यांत सुताचे धागे होते, तंबाखूचा चुरा होता, आणि एका पेन्सिलीच्या शिशाचा कण होता.

तांबडा गंज काढण्यास मीं जुना तांब्याचा पैसा घेतला. तांबें पोलादाहून मऊ असल्यामुळें त्याची कड गंज खरडते, पण पात्यावर चरा पाडीत नाहीं. तांबडा गंज भुसभुशीत असतो आणि ओल धरून ठेवून आंत आंत पोखरीत जातो. तो निघालाच पाहिजे. परंतु त्याखालीं जो करडा-काळा थर लागतो, तो पुष्कळसा स्थिर असतो, व पुढच्या गंजास थोडाबहुत अडथळाच करतो. आंबा, लिंबू, कांदा कापून कापून साध्या पोलादाच्या पात्यावर जी निळसर सांवळी छटा येते, तिचीहि जात तीच. अशा पात्यास पांढरें लख्ख करणें म्हणजे त्याचें पांघरूण ओढून घेण्यासारखें आहे. न गंजणाऱ्या पोलादाचें पातें पाहून पाहून आपणांस सर्वच पोलाद लख्ख असावें असें वाटतें. पण तें पोलाद हॅरी ब्रिअर्ली यानें शेफील्ड येथें १९१३ सालीं सिद्ध केलें, आणि त्यापूर्वींचा कोणताहि चाकू रोजच्या वापरांत फार दिवस पांढरा राहत नसे.

काळवंडलेल्या बुडावरून तेलाचा बोळा फिरवितांना ठसा दिसूं लागला. आधीं एक तारा. मग त्याशेजारीं माल्टाचा क्रूस. मग मुकुट आणि त्याच्या दोहों अंगांस जी व आर हीं इंग्रजी अक्षरें. तारा आणि माल्टाचा क्रूस हें शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स आणि सन्स या पेढीचें चिन्ह. तिला चौथ्या जॉर्ज राजानें १८२२ सालीं आपल्या घराण्याची चाकूकार म्हणून नेमलें होतें. मग हा जॉर्ज कोणता? चौथा असावा तर चाकू दोनशें वर्षांचा ठरतो, आणि माझ्या मनानें क्षणभर तसा लोभहि धरला. परंतु खालीं बारीक अक्षरांत ‘इंग्लंड’ असा शब्द निघाला, आणि लोभ गळाला. १८९० च्या अमेरिकेच्या जकात कायद्यानें परदेशी मालावर मूळ देशाचें नांव घालणें भाग पाडलें, व तेव्हांपासून इंग्रजी चाकूंवर हा शब्द सर्रास दिसूं लागला. म्हणजे जॉर्ज एक तर पांचवा, नाहीं तर सहावा. आणि चाकू १९१० पासून १९५२ पर्यंतच्या काळांतला. तीन-चार खुणांवरून एवढें कळतें. त्या खुणा मिळून एका तांदुळाएवढ्या जागेंत मावतात, आणि पॉलिशच्या चाकास त्या पुसावयास अर्धें मिनिटहि पुरें होतें.

ज्या गांवचा हा चाकू, तेथें चाकू करण्याचा धंदा इतका जुना आहे कीं, चौदाव्या शतकांतील चॉसर कवीनेंहि आपल्या एका गिरणीवाल्याच्या मोज्यांत शेफील्डचा चाकू खोंवलेला दाखविला आहे. चाकूकारांचा संघ तेथें १६२४ सालीं पार्लमेंटच्या कायद्यानें स्थापन झाला, व कोणत्या कारागिरानें कोणतें चिन्ह मारावें याची नोंद तो ठेवूं लागला. १७४० च्या सुमारास बेंजामिन हंट्समन नांवाच्या घड्याळजीनें तेथेंच मुशींत पोलाद वितळविण्याची कृति काढली. पुढें शेफील्डच्या नांवास इतकी किंमत आली कीं, परक्या मालावर तें खोटेंच मारलें जाऊं लागलें. इंग्लंडांत १८८७ सालीं मालावरील चिन्हांचा जो कायदा झाला, त्यास या तक्रारीहि कारण होत्या.

पण त्या चकाकीची दुसरी बाजूहि मुलांनीं ऐकावी. एकच चाकू पुष्कळदां तीन हातांतून जाई: पातें घडविणारा लोहार, तें चाकावर घांसणारा, आणि सर्व भाग जुळविणारा. यांपैकीं घांसणाराचें आयुष्य सर्वांत खडतर. वालुकाश्माच्या चाकावर ओणवें बसून तो दिवसभर पोलाद घांशी. चाकाची व पोलादाची धूळ फुप्फुसांत जाई, आणि तिच्यापासून होणाऱ्या रोगास त्या गांवांत घांसणाराचा दमा असेंच नांव पडलें होतें. कांटे कोरडे घांसणारे तर भर तारुण्यांत मरत. ज्या झळाळीसाठीं आपण आज जुन्या वस्तु पुनः चाकावर धरतों, ती पहिल्यानें कोणी कोणत्या किंमतीस दिली होती, हें ठाऊक असल्यावर ती पुसून तिच्या जागीं आपली झळाळी बसविण्यास माझा तरी हात धजत नाहीं. त्या गांवांत स्वतःच्या लहानशा खोलींत बसून सर्व काम स्वतः करणारे जे थोडे उस्ताद शेवटपर्यंत टिकले, त्यांतील स्टॅन शॉ हे चौदाव्या वर्षीं धंद्यास लागले आणि २०२१ सालीं वारले.

मुठीची गोष्ट वेगळी. हाडावर मुद्दाम खांचा पाडून त्याला सांबराच्या शिंगाचें रूप दिलेलें होतें. खरें सांबरशिंग त्या काळीं हिंदुस्थानांतूनच शेफील्डला जात असे, व तेथून मुठीच्या रूपानें पुनः इकडे विकावयास येई. आज सांबर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं संरक्षित आहे; जुन्या चाकूच्या दुरुस्तीसाठीं कोणी शिंगाचा तुकडा देऊं केला, तर तो घेऊं नये, आणि हस्तिदंती मुठीच्या वस्तूंच्या तर वाटेलाच जाऊं नये. माझ्या ओळखीच्या एका सुतारानें दोन्ही फळ्या काढून शिसवीच्या घालण्याची तयारी दाखविली. काम त्यानें सुबक केलें असतें, यांत शंका नाहीं. परंतु उडालेला कोपरा हातास बोचतो एवढीच अडचण होती. ती मीं बारीक कानशीनें कड मारून पांच मिनिटांत दूर केली. हाडाची भुकटी नाकांत जाऊं नये म्हणून तोंडास फडकें बांधलें, आणि तसें करतांना शेफील्डच्या त्या घांसणारांची आठवण झाली.

शाबूत फळीवरचा मळ ओलसर फडक्यानें टिपतांना आणखी एक गोष्ट उघड झाली. हाडावर सुईसारख्या कशानें तरी कोरलेलीं दोन अक्षरें होतीं, आणि तीं मोडी होतीं. शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांस मोडी वाचतां येतें. त्यांनीं चष्मा कपाळावर सारून पाहिलें आणि ‘बा’ व ‘ना’ असें वाचून दाखविलें. झालें, एवढेंच. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आपल्या शाळांतून मोडी शिकवीत असत; तेव्हां तो कोणी लिहिणारा-वाचणारा मराठी मनुष्य असला पाहिजे. त्याच्या चाकूचें लहान पातें दगडावर पाजळून पाजळून रुंदीला निम्मेंच उरलें आहे. इंग्रजींत अशा चाकूस लेखणीचा चाकू म्हणतात, कारण पिसाची लेखणी तासण्यासाठीं तो निघाला. आपल्याकडे बोरू तिरकस कापण्यास हाच उपयोगी पडे. निम्मी रुंदी झिजेपर्यंत एखादें पातें वापरावयाचें म्हणजे किती वर्षें तें खिशांत वागविलें पाहिजे, याचा हिशेब वाचकांनींच करावा.

तीं अक्षरें काढून टाका, असें मला घरांतूनहि सांगण्यांत आलें. “दुसऱ्याचें नांव आपल्या वस्तूवर कशाला?” या प्रश्नावर माझें उत्तर असें कीं, दीडशें रुपयांत मीं चाकू घेतला, त्या मनुष्याचीं वीस-तीस वर्षें मला कोणी विकलीं नाहींत, आणि तीं पुसण्याचा अधिकारहि त्या रकमेंत आला नाहीं.

येथें विरुद्ध पक्षासहि न्याय दिला पाहिजे. जुन्या वस्तूस बोटहि लावूं नये, गंज म्हणजेच तिचें वय, असें मानणारे कांहीं लोक आहेत. संग्रहालयाच्या कपाटांत ठेवावयाच्या वस्तूविषयीं तें खरें असेल. पण तेथेंसुद्धां जिवंत गंज थांबवितातच. चाकू हा कापण्यासाठीं केलेला आहे. जो कापत नाहीं, ज्याचा बोल ऐकूं येत नाहीं, तो तसाच ठेवणें हा मला त्याच्या कारागिराचा अनादर वाटतो. म्हणून धार मीं लावली: चाकावर नव्हे, तर ओल्या निसण्यावर, पातें दगडाशीं सुमारें पंधरा-वीस अंशांत कलतें धरून, दोन संध्याकाळीं सावकाश. कापणें, मिटणें, हाताला न बोचणें आणि पुढें न सडणें, एवढ्यापुरती दुरुस्ती करावी. त्यापलीकडे केलेली प्रत्येक गोष्ट आपल्या डोळ्यांच्या हौसेसाठीं असते, आणि तिची किंमत वस्तु भरते. बाजारांत विकण्यासाठीं जे लोक जुने चाकू आरशासारखे करून दुप्पट भाव घेतात, त्यांच्यावर माझा राग नाहीं. गिऱ्हाईक तेंच मागतें. माझा राग गिऱ्हाइकावर आहे, आणि तेरा वर्षांचा असतांना मी तेंच गिऱ्हाईक होतों.

पालकांस एक शब्द. शाळेंत चाकू आणूं नये, हा नियम योग्य आहे. त्याविरुद्ध मला कांहीं म्हणावयाचें नाहीं. परंतु घरींहि मुलाच्या हातीं चाकू येऊंच द्यावयाचा नाहीं, अशी जी रीत पडत चालली आहे, ती मला पसंत नाहीं. शार्पनर पेन्सिलीस टोंक करतो. पण शिसें कोठें सुरू होतें, लांकडाची रेघ कोणीकडे जाते आणि बळ कोठें आवरावयाचें, हें तो शिकवीत नाहीं. दहा-बारा वर्षांच्या मुलास किंवा मुलीस शेजारीं बसवून ही गोष्ट शिकवावी. या जातीच्या चाकूस कुलूप नसतें, पाठीकडून दाब आला तर पातें बोटांवर मिटतें, हें प्रथम दाखवावें; पातें नेहमीं अंगापासून दूर चालवावें, आणि बोथट चाकू धार असलेल्याहून अधिक दगा देतो, हेंहि सांगावें. माझ्या धाकट्या पुतणीला हा धडा मीं याच चाकूवर दिला. तिनें पहिल्या पेन्सिलीचें शिसें तीन वेळां मोडलें. चौथ्या वेळीं तें टिकलें, आणि मग तिनें तीं मोडी अक्षरें कोणाचीं म्हणून विचारलें.

तिच्या त्या प्रश्नानंतर मीं वडिलांची पेटी उघडली. ते आतां नाहींत. तेलकट फडक्यांत गुंडाळलेला त्यांचा चाकू तसाच होता, आणि टोंकाची निळी झांक फिकट झाली असली तरी दिसत होती. गेलेला ठसा परत येत नाहीं. परंतु निळ्या झालेल्या भागाच्या मागें पोलाद अजून चांगलें आहे, हें कानस लावून कळतें: मऊ पोलादाला कानस चावते, आणि पाणी शाबूत असलेल्या पोलादावरून ती नुसती सरकून जाते. तेव्हां दर रविवारीं सकाळीं ओल्या दगडावर मी तें टोंक थोडें थोडें झिजवीत आहें. दर चार घांसण्यांनीं पातें पाण्यांत बुडवितों, तापूं देत नाहीं. पुतणी शेजारीं बसून घांसणीं मोजते. कालपर्यंत सुमारें दीड सूत भाग गेला. कानस अजून चावते आहे.